लहान गाडी आणि बर्फाचा रस्ता: विट्याकडून डोंगरात जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी

दिवाळीच्या आधी भाच्याचा फोन आला. "मामा, पुढच्या महिन्यात मी सिमल्याच्या दुकानावर चाललोय. गाडी इथूनच नेऊ का? बर्फात चालंल का ती?"

गाडी म्हणजे त्याची जुनी आल्टो. मी म्हणालो, "गाडी चालेल रे. तू कसा चालवतोस, त्यावर सगळं आहे." मग तासभर बोलणं झालं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे लिहूनच काढावं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या आपल्या पट्ट्यातली पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर जातात. त्यातली काही हिमाचलात, काही जम्मूकडं. मिसरूड फुटलेलं पोर, ज्यानं बर्फ फक्त रसाच्या गुऱ्हाळावर पाहिलेला, ते जानेवारीत एकदम सिमल्याजवळच्या कुफ्रीच्या उतारावर गाडी घेऊन उभं राहतं. मी त्या भागात अकरा हिवाळे काढले, सगळे लहान गाडीवर. जे शिकलो ते क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी एक हिशेब डोक्यात बसवा. कोरड्या डांबरावर ताशी ४० च्या वेगात कचकचून ब्रेक दाबला, तर गाडी साधारण ९-१० मीटरमध्ये थांबते. तोच वेग, तीच गाडी, पण खाली गुळगुळीत बर्फ असेल तर ६० मीटरच्या पुढं जाते. म्हणजे एसटीच्या पाच गाड्या एकामागं एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढं अंतर, आणि ते रस्ता सपाट असेल तर. वेग निम्मा, २० केला की हेच अंतर १६ मीटरवर येतं. वेग निम्मा केला की अंतर पावपट होतं, हे गणित तिथं जीव वाचवतं. आता उताराचं बघा. दहा फुटांना एक फूट असा साधा उतार असला, तरी गुळगुळीत बर्फावर ब्रेकची पकड आणि उताराची ओढ जवळजवळ सारखी होते. मग ब्रेक दाबून ठेवलेली गाडीसुद्धा आपोआप खाली सरकत जाते. म्हणून बर्फात गाडी थांबवायचं काम ब्रेकवर सोडू नका. ती मुळातच इतकी हळू आणायची, की थांबवायला फारसं काही उरू नये.

निघायच्या आधी, विट्यातच

पहिलं काम रेडिएटरचं. आपल्याकडे बोनेट उघडलं की बाटलीतलं नळाचं पाणी ओतायची सवय आहे, आणि इथं त्यानं काही बिघडत नाही. तिथं बिघडतं. पाणी गोठलं की ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं. इंजिनात कोंडलेलं पाणी फुगलं तर इंजिनाला तडा जातो, आणि तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळपास जातो. म्हणून जुनं सगळं काढून टाका, आणि कूलंट व शुद्ध पाणी निम्मं-निम्मं भरा. हे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. काही कूलंट तयार मिसळलेलंच मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही, डब्यावर वाचा. मेकॅनिक "थोडं पाणी चालतंय की" म्हणाला तरी ऐकू नका. काच धुवायच्या टाकीतही साधं पाणी ठेवू नका.

बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर बदलूनच जा. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेलं ऑइल इंजिनाला जड जातं, दोन्ही एकाच वेळी. इथं "अजून सहा महिने जाईल" असली बॅटरी तिथं पहिल्याच कडाक्यात मान टाकते.

टायर. कायद्यानं १.६ मिलिमीटर नक्षी चालते, बर्फात ती चालत नाही. निदान ४ मिलिमीटर खोल नक्षी हवी, आणि चारही टायरना सारखी. पुढं नवे, मागं गुळगुळीत असं केलं तर वळणावर मागची बाजू आधी सुटते. युरोपात थंडीचे खास टायर असतात, त्यांचं रबर ७ अंशांच्या खालीही मऊ राहतं. आपल्याकडे लहान गाडीच्या मापात ते सहजी मिळत नाहीत, म्हणून आपला आधार म्हणजे चेन, टायरवर बांधायची साखळी.

हवेचं एक लक्षात ठेवा. विट्यात ३० अंशांत भरलेली हवा तिथं शून्य अंशात कमी दिसते. टायर पंक्चर नसतो, आतली हवा आकसलेली असते. तिथं सकाळी, टायर थंड असताना, दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा भरून घ्या. "हवा कमी ठेवली की बर्फात पकड येते" असं सांगणारे भेटतील. वाळूतली युक्ती ते बर्फाच्या घाटात वापरतात. हवा कमी असलेली लहान गाडी वळणावर लेचीपेची होते, आणि डांबर लागलं की टायर तापतो.

चेन घेताना टायरवरचं माप बघून घ्या, जसं १४५/८० आर १२. दुकानदार "सगळ्याला बसते" म्हणेल, तरी गाडीवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चेन इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावायची. आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय टेन या गाड्यांत ती पुढची चाकं. ईको किंवा जुनी ऑम्नी असेल तर मागची. मी असे लोक पाहिलेत, ज्यांनी आल्टोच्या मागच्या चाकांना चेन बांधली आणि पुढची चाकं जागेवर गरगर फिरत राहिली. चेन पसरायची, टायरवरून टाकायची, आतल्या बाजूचा हुक आधी लावायचा, मग बाहेरचा, आणि शे-दीडशे मीटर जाऊन पुन्हा ताणायची. चेनवर ताशी ३०च्या वर जायचं नाही. डांबर उघडं दिसलं की काढायची, नाहीतर चेनही तुटते आणि टायरही फाटतो.

हे सगळं अंगणात, उन्हात, चार वेळा करून बघा. तिथं तेच काम अंधारात, गुडघे बर्फात टेकवून करायचं असतं.

आणखी एक सराव. शेजारी घरातलं कोणी तरी बसवा, त्याच्या मांडीवर ताट, ताटात पाण्यानं काठोकाठ भरलेलं फुलपात्र. आता रेणावीचा घाट चढा आणि उतरा. क्लच सोडताना, गिअर टाकताना, वळताना पाणी ताटात सांडतंय का बघा. दहा वेळा केल्यावर पाय हलका होतो. बर्फावर लागतं ते सगळं कसब याच पायात आहे.

रस्ता ओळखणं

तुम्हाला वाटेल, पांढरा बर्फ धोक्याचा. ताजा, भुसभुशीत पांढरा बर्फ त्यातल्या त्यात बरा, त्यात टायर रुततो आणि काहीतरी धरतो. खरा धोका दिसत नाही. डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो, त्यातून खालचं काळं डांबर दिसत राहतं. तिथले लोक म्हणतात, "पाला जमा है". आपल्याला पाला म्हणजे झाडाचा पाला. तिथं पाला म्हणजे हे.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेआठ, आभाळ स्वच्छ, चार दिवस बर्फ पडलेला नव्हता. ठियोगला एका सराफाकडं जायचं होतं. कुफ्रीच्या पुढं एका उतारावर देवदारांची दाट सावली होती. पुढचं डांबर ओलं वाटलं, रात्री कुणी पाणी सांडलंय असं. वेग पस्तीस असेल. आणि एकदम टायरचा आवाज बंद झाला. डांबरावर टायरची जी घरघर कायम चालू असते, ती गेली. हातातलं स्टिअरिंग इतकं हलकं झालं, की लोण्याच्या गोळ्यात फिरवतोय असं वाटलं. मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी वळलीच नाही, सरळ दरीच्या कठड्याकडं निघाली. कठड्याच्या अलीकडं रस्तेवाल्यांनी टाकलेला वाळूचा ढीग होता, त्यात नाक खुपसून थांबली. बंपर फुटला, एवढंच. त्या ढिगाच्या दोन हात पुढं कठडा तुटलेला होता. मी खाली उतरलो आणि उतरल्या-उतरल्या माझेच पाय घसरून तिथं बसलो.

तेव्हापासून दोन खुणा कधी विसरलो नाही: आवाज गेला आणि हात हलका झाला, की खाली बर्फ आहे. अशा वेळी काहीही झटक्यात करायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद उचलायचा, ब्रेक नाही, स्टिअरिंग सरळ, आणि पकड येईपर्यंत थांबायचं.

पाला कुठं बसतो हे आधीच ओळखता येतं. जिथं दिवसभर ऊन पोचत नाही ती वळणं. डोंगरातून झरा झिरपून रस्त्यावर येतो ती जागा. आणि पूल. पुलाला वरून थंड हवा लागते तशी खालूनही, जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून रस्ता कोरडा असतानाही पुलावर बर्फ असू शकतो. बोगद्याच्या तोंडाशीही तसंच. मनालीच्या वरचा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, आत डांबर कोरडं आणि गाड्या सुसाट. बाहेर पडता त्या जागेची उंची मात्र ३,००० मीटरच्या वर. उत्तरेच्या तोंडातून लाहौलमध्ये निघालात की एका क्षणात बर्फ लागू शकतो. बोगद्यातच वेग उतरवून ठेवा.

आपण गलाईवाले तापमानाच्या आकड्यावर जगतो, सोनं १०६४ अंशांना वितळतं हे पोराला पहिल्या आठवड्यात पाठ होतं. तसाच हा एक आकडा पाठ करा: शून्य. उणे दहाला बर्फ कडक आणि कोरडा असतो, थोडा तरी धरतो. शून्याच्या आसपास त्यावर पाण्याचा पातळ थर येतो, आणि तोच सगळ्यात निसरडा. म्हणून दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठायला लागतं ती वेळ टाळा, आणि पहाटही. सकाळी दहानंतर निघा, तीन-साडेतीनपर्यंत मुक्कामाला पोचा. गिऱ्हाईक थांबेल. मी तर पुढं-पुढं नियमच केला, दिवे लावायची वेळ झाली की गाडीची किल्ली खिळ्याला.

गाडी हलवताना

सकाळी काचेवर बर्फ असेल तर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. छतावरचा बर्फही काढा. नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर घसरून येतो आणि तुम्ही आंधळे होता. बुटाचे तळवे झटकून आत बसा, ओला बूट क्लचवरून सटकतो. आतून काच धुरकट झाली तर हिटर आणि एसी दोन्ही एकत्र लावा, हवा बाहेरून घ्या. एसी हवेतली ओल काढतो, म्हणून थंडीतही तो कामाचा.

निघताना पहिल्या गिअरमध्ये चाक जागेवर फिरत असेल तर दुसऱ्या गिअरवर उचला. क्लच इतका सावकाश सोडा, की गाडी निघाली हे कळूच नये. लहान गाडीला इथं एक फायदा आहे, तो कोणी सांगत नाही. इंजिनाचं वजन पुढं आणि ओढणारी चाकंही पुढं, त्यामुळं पुढची चाकं दाबली जातात आणि गाडी बऱ्यापैकी चढते. वजन कमी म्हणून सावरायलाही सोपी. तोटा पोटाचा. जमिनीपासूनची उंची सोळा-सतरा सेंटिमीटर. वीतभर साचलेल्या बर्फात गाडीचं पोट टेकतं, चाकं लोंबतात, आणि चेन असूनही काही होत नाही. तेवढा बर्फ दिसला तर परत फिरा. ताज्या बर्फानंतर मनालीजवळच्या सोलंगच्या पुढं पोलीस फोर बाय फोर (इंजिन चारही चाकं फिरवतं अशा) आणि चेनवाल्याच गाड्या सोडतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

चढावर मध्येच थांबायचं नाही. पुढची गाडी पूर्ण वर जाईपर्यंत खाली सपाटीवर थांबा, मग एकाच गिअरमध्ये, एकाच गतीनं वर जा. मध्ये गिअर बदललात तर ओढ तुटते आणि तिथंच अडकता. डोंगरात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायचा नियम आहे. तुम्ही उतरत असाल तर रुंद जागा बघून आधीच बाजूला व्हा, आणि शक्यतो डोंगराच्या बाजूला, दरीच्या कडेला नाही. तिथल्या पांढऱ्या काठाखाली जमीन असेलच असं नाही.

उताराचं मात्र जीव तोडून सांगतो. आपल्याकडे घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची खोड आहे. आंबा घाटात सुद्धा ती वाईटच, बर्फात ती मरणाची वाट आहे. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच, पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या. क्लच दाबू नका. दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि गाडी पळते. ब्रेक लागलाच तर पिसासारखा, आणि चाकं सरळ असताना. ब्रेक आणि वळणं ही दोन कामं एकाच वेळी टायरकडून मागायची नाहीत. त्याच्याकडं पकड मुळात मूठभर, ती एका वेळी एकाच कामाला पुरते. वळणाच्या आधी वेग मारा, वळण रिकाम्या पायानं घ्या, बाहेर पडल्यावर हलका ॲक्सिलरेटर.

पुढच्या गाडीपासून एरवी ठेवता त्याच्या पाच-सहा पट अंतर. कोणी मध्ये घुसला तर घुसू द्या, पुन्हा मागं राहा. बर्फ पडत असताना दिवे लो बीमवर, हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत दिसते. ऊन पडलं की उलट त्रास, बर्फावरून चमक येऊन डोळे मिटतात, म्हणून काळा चष्मा गाडीतच ठेवा.

घसरलीच तर

दोन प्रकार आहेत. पुढची चाकं सुटली तर तुम्ही वळवता आणि गाडी सरळच जाते. आपला हात आणखी वळवायला धावतो, ते चूक. स्टिअरिंग थोडं सरळ करा, पाय उचला, चाकांना धरू द्या, मग हळू वळवा. मागची बाजू सुटली तर शेपूट एका बाजूला जाते. शेपूट डावीकडं गेली तर स्टिअरिंग डावीकडं, उजवीकडं गेली तर उजवीकडं, थोडं, आणि गाडी सरळ झाली की लगेच परत. नजर दरीकडं नको, जिथं जायचंय त्या रस्त्यावर हवी. हात नजरेमागं जातात.

गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि थांबणं अटळ असेल तर ब्रेक दाबून धरा. पायाखाली कडकड होईल, ते बिघडलेलं नाही, त्याचं कामच चाललेलं असतं. जुन्या गाडीत एबीएस नसेल तर दाबा-सोडा, दाबा-सोडा. हँडब्रेक चालत्या गाडीत ओढायचा नाही. तो मागची चाकं आवळतो आणि गाडी भिंगरीसारखी फिरते. काहीच हातात उरलं नाही तर डोंगराच्या बाजूचं गटार निवडा. गटारातली गाडी ट्रॅक्टर काढतो.

हे सगळं वाचून येत नाही. पोचल्यावर पहिल्या सुट्टीत रिकामं, सपाट, बर्फाळ मैदान शोधा, आणि ताशी १० वर मुद्दाम ब्रेक दाबून, मुद्दाम वळवून गाडी घसरवा. दहा-पंधरा वेळा झालं की अंगाला कळतं. मी हे दुसऱ्या हिवाळ्यानंतर केलं, आधी करायला हवं होतं.

उभी करताना आणि अडकल्यावर

रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून चिकटतो. पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, वायपर उचलून ठेवा. डिझेल गाडी असेल तर तिथल्या पंपावरच टाकी भरा. मैदानी भागातलं डिझेल फार थंडीत मेणासारखं जमतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये हिवाळ्याचं वेगळं डिझेल आणलं, ते याच कारणानं.

डिकीत लहान फावडं, अर्धं पोतं राख किंवा वाळू, ओढायची दोरी, घोंगडी, पाणी, आणि आईनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. दशमी चार दिवस टिकते. चाक अडकलं तर जोरात ॲक्सिलरेटर देऊ नका, चाक बर्फ वितळवून आणखी खोल जातं. चाकापुढचा बर्फ काढा, राख टाका, पायपुसणी चाकाखाली द्या, आणि पुढं-मागं झोका देत काढा. मागं कोणी उभं राहू नये.

रात्रभर अडकलात तर हे नीट वाचा. सायलेन्सरचा पाइप बर्फात बुजला असेल तर धूर गाडीत शिरतो. गलाईच्या खोलीत तेजाबाची (ॲसिडची) वाफ नाकाला झोंबते, आपण दार उघडतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या वायूला वासच नाही, झोप येते आणि माणूस उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथं बर्फात अडकून वीसहून जास्त माणसं दगावली, त्यातली बरीच आपापल्या गाडीतच होती. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, त्याआधी प्रत्येक वेळी उतरून पाइप मोकळा करा, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवा. गाडीत कोळशाची शेगडी कधीच पेटवू नका. गाडी सोडून अंधारात चालत जाऊ नका.

रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर आठवड्याला गाडी खालून धुवा, नाहीतर दोन हिवाळ्यांत पत्रा खाल्ला जातो.

काल भाच्यानं व्हिडिओ पाठवला. घरापुढच्या अंगणात, कडक उन्हात, आल्टोच्या पुढच्या चाकाला चेन बसवतोय, बहिणीनं मोबाइल धरलाय. एका चाकाला बारा मिनिटं लागली. सात मिनिटांवर आण म्हणून सांगितलंय, आणि पुढच्या वेळी हातमोजे घालून कर.